आरशावरचा कौल

आंघोळ करून आली की ती ओल्या बोटांनी तगरीच्या दोन पाकळ्या आरशावर चिकटवायची. एक या बाजूला, एक त्या बाजूला. मग हात जोडून, डोळे अर्धवट मिटून उभी राहायची. उजवीकडची पाकळी आधी पडली की "उजवा दिलान!" म्हणून टाळी वाजवायची आणि मगच केस विंचरायला घ्यायची. डावीकडची पडली तर तोंड एवढंसं करून बसायची.

कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी सांगते. आमच्याकडे गावच्या देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीवर पाण्यानं फुलाच्या कळ्या चिकटवतो आणि आपल्या वतीनं मागणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही म्हणाली. विहीर कुठे खणायची, पोरगी कुठल्या घरात द्यायची, नवी होडी कधी पाण्यात लोटायची, सगळं तिला विचारून. त्यात मला काही नवल नाही, मीही इथलीच. पण ही पोरगी मूर्तीऐवजी आरसा वापरायची, आणि विचारायची काय, तर आज निळा ड्रेस घालू की पिवळा!

मी रत्नागिरीत मुलींचं वसतिगृह सांभाळते. दारावरच्या पाटीवर अधीक्षिका लिहिलंय, मुली बाई म्हणतात, आणि माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. तोंडाळ आहे मी, त्याला इलाज नाही. एवढ्या पोरी आल्या नि गेल्या, पण कुणी 'वसतिगृहात राहून मुली शिकतात म्हणजे नक्की काय शिकतात हो?' असं विचारलं की मला हीच आठवते.

ती आली ती वडिलांबरोबर. अंजनवेलजवळच्या एका वाडीतली माणसं. वडील होडीवर तांडेल, म्हणजे होडी ज्याच्या शब्दावर चालते तो. समुद्रावर चार माणसांना हुकूम सोडणारा हा गृहस्थ माझ्या ऑफिसात मात्र खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. इस्त्रीची पँट त्याच्या अंगावर परकी वाटत होती.

"देवीनं उजवा दिलान, म्हणून पाठवतोय," तो म्हणाला. "नायतर आमच्यात पोरींना येवढं लांब पाठवत नाय."

"लांब कसलं हो? जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तर आहे."

"मधी खाडी हाय ना, बाई."

तो गेला तेव्हा ती फाटकाशी उभी राहून रडली नाही. मला वाटलं, चला, खंबीर आहे. मग विचारलं, "कुठली खाट हवी? खिडकीजवळची की दाराजवळची?" तर म्हणाली, "विचारून सांगते." मी म्हटलं, अगो कुणाला विचारणार, बाबा तर गेले. तिनं पिशवीतून आरसा काढला.

'विचारून सांगते' हे तिचं पालुपद. सहलीला येणार का? विचारून सांगते. भाजी वाढू का? विचारून सांगते. मुलींनी तिचं नावच 'कौल' पाडलं. "कौल, आज पाऊस पडेल काय गं?" म्हणून चिडवायच्या. ती चिडायची नाही. खरंच पाकळ्या लावून बघायची, त्यामुळे चिडवणाऱ्यांचीच पंचाईत व्हायची.

खरी पंचाईत पावसाळ्यात. आमच्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे, चपलांनासुद्धा बुरशी धरते. त्या हवेत पाकळी एकदा चिकटली की पडायचं नावच घेत नाही. एका सकाळी सगळ्या मुली कॉलेजला गेल्या तरी हिच्या खोलीचं दार उघडं. बघते तर ही तयार होऊन, दप्तर पाठीला लावून आरशापुढे उभी.

"काय गो, आज चाचणी आहे ना?"

"हो बाई. जाऊ की नको, ते विचारलंय. अभ्यास झाला नाही. पण पाकळी पडेना."

माझं डोकं फिरलं. मी पुढे झाले आणि उजव्या पाकळीवर अशी फुंकर मारली की पाकळी थेट तिच्या खाटेवर जाऊन पडली. "घे, उजवा! पळ आता."

"असं फुंकायचं नसतं हो, बाई!" तिचे डोळे विस्फारले.

"ते मी देवीशी बघून घेते. तू रिक्षा पकड."

त्या चाचणीत तिला बऱ्यापैकी मार्क पडले. पण आठवडाभर ती माझ्याकडे धास्तावून बघत होती, माझं काहीतरी वाईट होणार म्हणून. माझं काही झालं नाही. सर्दी झाली, ती मला दर पावसाळ्यात होते.

दुसऱ्या वर्षी तिच्या खोलीत खेडची एक मुलगी आली. गुरवाची मुलगी, जिभेला हाड नाही. तिनं पहिल्या दिवशी हा आरशापुढचा सोहळा नीट पाहून घेतला आणि विचारलं, "कुठली पडली?"

"उजवी."

"ही? ही तर डावी."

"अगं, हा बघ ना माझा उजवा हात."

"तुझा हात कोण विचारतंय? उजवी म्हणजे देवीची उजवी. देवी आपल्याकडे तोंड करून बसते. तिची उजवी ती आपली डावी. माझे बाबा रोज कौल लावतात, मला शिकवू नकोस."

तोवर मी दाराशी पोचले होते. आमची पोर पांढरीफटक. गावी देवळात कौल लागायचा तेव्हा ती बायकांत मागे उभी असायची. कळी कुठून पडली ते तिनं कधी जवळून पाहिलंच नव्हतं, पुढची माणसं 'उजवा, उजवा' म्हणायची तेवढंच ऐकलं होतं. तिनं आपल्या मनानं उजवी म्हणजे आपली उजवी असं धरलं. बघा म्हणजे काय झालं ते! वर्षभर जिथे देवी नको म्हणाली तिथे ही गेली, आणि जिथे हो म्हणाली तिथे घरात बसून राहिली.

"पण आरशात देवी कुठाय?" ती चाचरत म्हणाली. "आरशात मीच आहे."

"मग स्वतःलाच विचारत होतीस काय गं?" खेडकरीण खो खो हसली.

मी हसले नाही, कारण पोरीचा चेहरा बघवत नव्हता. जेवणाच्या वेळीही ती ताटात बोट फिरवत बसली होती. मग भांडी विसळता विसळता माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, वर्षभर सगळं उलट केलं. तरी काही बिघडलं नाही हो."

"नाही ना?"

"नाही. उलट..." आणि ती थांबली. उलट काय, ते तिनं मला सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही, म्हणजे माझ्या मानानं कमालच केली.

त्यानंतर आरसा लगेच सुटला असं समजू नका. सवयी अशा सुटत नाहीत. आधी कपड्यांचा कौल बंद झाला, मग खाण्याचा. परीक्षेच्या दिवशी मात्र पाकळ्या लागायच्याच. बोलणंही बदलत गेलं. सुरुवातीला घरचा फोन आला की ती जिन्याखाली जाऊन कुजबुजायची, आपली भाषा कुणी ऐकू नये म्हणून. आता ती व्हरांड्यात उभी राहून "व्हय गो आये, जेवल्ये, कितींदा सांगू!" असं खणखणीत बोलायला लागली. कुणी हसलं तर बघून घेऊ, अशा बेतानं.

एके दुपारी मी बाहेर गेले होते. जेवताना पहिल्या वर्षाची एक मुलगी चक्कर येऊन पडली. बाकीच्या पोरी किंचाळत मला फोन लावत बसल्या. हिनं तिला उचललं, रस्त्यावर जाऊन रिक्षा अडवली आणि सरळ दवाखाना गाठला. मी धापा टाकत पोचले तेव्हा त्या मुलीला सलाईन लागलं होतं आणि ही शेजारच्या स्टुलावर बसून तिच्या आईला फोनवर धीर देत होती.

"तिथे आरसा नव्हता ना?" परतताना मी मुद्दाम डिवचलं.

"असता तरी बघितला नसता," ती म्हणाली. मग थोडं पुढे गेल्यावर तिचं तिलाच हसू आलं.

त्याच वर्षी तिच्या सरांनी मुलांना खाडीत नेलं, पाण्याचे नमुने घ्यायला. संध्याकाळी परत आली ती केसांत मीठ आणि नाकावर ऊन घेऊन. "बाई, खाडीत वर गोडं पाणी आणि तळाशी खारं, एकाच जागी, एकाच वेळी! आणि मी जन्मभर तिच्या काठावर राहिल्ये!" बोलतेय, बोलतेय, थांबायचं नाव नाही. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण हिला आता हेच करायचंय, एवढं मला त्या दिवशी समजलं. तिलाही समजलं असावं.

आणि मग एक दिवस ती मला नाही म्हणाली. मी स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनाला तिचं नाव परस्पर घातलं होतं. माझी ती जुनी खोड. तर ऑफिसात येऊन म्हणते, "नाही बाई, मला ते जमणार नाही आणि आवडतही नाही. मी मागचं सगळं बघते, पडदा, दिवे, पण माईकवर नाही." 'विचारून सांगते' नाही, काही नाही. मला राग आला. दार लागल्यावर मात्र मी एकटीच हसत बसले, खरं सांगते.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला तिला गोव्याला प्रवेश मिळाला. समुद्राचंच शिक्षण, पुढची पदवी. वसतिगृहभर पेढे वाटले तिनं. घरी फोन केला तर वडील म्हणाले, "बरं झालं. देवीला विचारून सांगतो."

हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. तिलाही.

रविवारी सकाळी फोन आला. ती व्हरांड्यातच उभी होती. "व्हय... बरं... बरं बाबा." फोन ठेवून ती पायरीवर बसली. मी चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"डावा आला," ती म्हणाली.

"कुणाची डावी ते नीट बघितलं ना त्यांनी?" माझ्या तोंडून निघून गेलं. वेळ काळ काही म्हणून मला नाही. ती हसली नाही, रडायला लागली. तीन वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघत होते. देवीवर माझा राग नाही, तिला नमस्कार केल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. पण त्या क्षणी माझ्या जिवाचा संताप झाला. "थांब, मीच बोलते तुझ्या बाबांशी," म्हणून मी फोन उचलला.

तिनं माझा हात धरला. "नको बाई. मी घरी जात्ये." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही याल माझ्याबरोबर? पण एका अटीवर. तिथे बोलायचं नाही."

मला! अशी अट! पण गेले.

एस.टी., मग फेरीबोट, मग पुन्हा एस.टी. वाटेत ती फारशी बोलली नाही. मी अटीची सवय करत होते. देऊळ खाडीच्या वरच्या अंगाला आहे, चिऱ्याचं, कौलारू. तिनं आधीच फोन करून वडिलांना तिथे बोलावलं होतं. ते आणि गुरव दोघे पायरीवर बसलेले. वडिलांनी मला बघून हात जोडले आणि नजर दुसरीकडे वळवली.

"काका, परत लावा," ती गुरवाला म्हणाली.

"एकदा दिलान तो दिलान. देवीला दोनदा विचारत नाय, बाय."

"मग मागणं काय घातलंत ते तरी सांगा."

गुरवानं तिच्या वडिलांकडे बघितलं. वडिलांनी घंटेकडे बघितलं.

"सांग ना रे," गुरव म्हणाला. "पोरीचंच मागणं, तिच्यापासून काय लपवायचं?"

"पोर तिकडं गेली तर परत येल काय," वडील म्हणाले. "येवढंच विचारलं. येणार असंल तर उजवा दे."

ती बघतच राहिली. "मला पाठवू काय, ते नाही विचारलंत?"

"ते काय विचारायचं? येवढी शिकलीस ती काय हितं सुकट वाळत घालायला? तू जाणार ते मला ठावं हाय. पण डावा आला. तू परत येणार नाय असं देवीनंच सांगितल्यावर मी कुठल्या तोंडानं जा म्हणू?"

तुम्हाला सांगते, पदर तोंडात कोंबून गप्प बसले मी. अहो, या माणसानं लेकीला अडवण्यासाठी कौल लावलाच नव्हता! त्याला धास्ती वाटत होती, आणि ती धास्ती लेकीला सांगायची सोडून तो देवीला सांगून आला. आमच्या पुरुषांचं हे असंच. वादळात होडी हाकतील, पण घरातल्या माणसाशी दोन शब्द बोलायचे तर त्यांना मध्ये गुरव लागतो.

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. अगदी खेटून.

"बाबा, हे देवीला कशाला विचारलंत? हे मला विचारायचं."

"अगो!" गुरव म्हणाला.

वडिलांनी मान वर केली. "मग सांग. येशील?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, अगो, हो म्हण! एक हो म्हण आणि मोकळी हो! काय लागतं त्याला? तोही खूश, तूही गोव्याला. आपण सगळ्यांनी आयुष्यात असं हो म्हटलेलं आहे की नाही?

"माहीत नाय, बाबा," ती म्हणाली. "शिमग्याला येईन. गणपतीला येईन. तुम्ही हाक मारलीत तर कधीही येईन. पण राहायला येईन की नाय, ते मलाच माहीत नाय. आज हो म्हटलं तर ते खोटं होईल, आणि देवळात बसून मी तुमच्याशी खोटं बोलणार नाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, मी तिच्या जागी असते तर हो म्हणाले असते.

खाडीतून एक होडी फटफटत गेली. वडिलांनी डोळे पुसले, लपवायचा प्रयत्नसुद्धा न करता, आणि विचारलं, "कधी जायचंय?"

"जूनमध्ये."

"पावसात दरडी पडतात. गाडी बघून जा."

"हो बाबा."

"आणि पोचल्यावर फोन कर."

झालं. एवढंच. दुपारी त्यांच्याकडे आम्ही सुरमईचं कालवण जेवलो. तिच्या आईनं मला चार-चारदा आग्रह केला, आणि मी नुसती मान हलवतेय हे बघून त्या माउलीला वाटलं, बाईंना घशाचं काही दुखणं असावं. "बाई, आता बोला हो!" लेकच म्हणाली, आणि सगळे हसले. तिचे वडीलसुद्धा.

ती गेली. गणपतीला आली, त्या वेळी मला भेटून गेली. केस कापलेले, रंग रापलेला, बोलण्यात घाई. दिवाळीला तिला जमलं नाही, कसल्याशा मोठ्या बोटीवर जायचं होतं. खिडकीजवळच्या तिच्या खाटेवर आता चिपळूणकडची एक मुलगी असते. चांगली आहे. फार बोलत नाही.

दिवाळी उलटली आणि एका सकाळी तिचे वडील माझ्या ऑफिसच्या दारात उभे. हातात सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची पिशवी, वास सगळ्या ऑफिसात. मला वाटलं, माझ्यासाठी आणली. पण ते पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. या वेळी खुर्चीत नीट, पाठ टेकून.

"बाई, गोव्याला वसतिगृहात बापाला येऊ देतात काय?"

"मला काय ठाऊक तिथलं? आणि तुम्ही असे निघालात कुठे?"

"निघालोच नाय अजून. रत्नागिरीपर्यंत आलो नुसता."

"तिला कळवलंत?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी त्यांच्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं. त्यांनी तो काढला, लांब धरून नंबर शोधला आणि कानाला लावला.

"बाय, बाबा बोलतोय. ... नाय गो, सगळी बरी हायत. ऐक. मी तिकडं येऊ काय, तुला बघायला?" आणि मग घाईघाईनं, "तुला काम असंल तर नको म्हण. मला राग नाय. तू सांग."

एवढा मोठा बाप्या, पण त्यानं श्वास धरून ठेवला होता. पलीकडून ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. फोन खिशात ठेवून ते उठले आणि पिशवी सावरत म्हणाले, "बाई, स्टेशनला जायला रिक्षा कुठं मिळंल?"